बोटीचं इंजिन तापतंय? आधी पाण्याचा माग काढा

इंजिन तापलं की माणसाचा पहिला हात बादलीकडं जातो. चारी बाजूंनी पाणीच पाणी असतं, तेव्हा मारा दोन बादल्या असं वाटणं साहजिकच आहे, पण सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तापून लाल झालेल्या हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणावर, गार पाणी पडलं की ते तडकतं नाहीतर वाकतं, आणि मग जे काम एका छोट्या रबरावर भागलं असतं ते हेड उतरवून लेथवर न्यावं लागतं. त्यामुळं बादली खाली ठेवा आणि आधी ऐका.

ऐका असं का म्हणतोय ते सांगतो. मी साताऱ्यात ट्रॅक्टर आणि शेतीपंपांची कामं करतो, पण कोयना धरणाकाठच्या बामणोली-तापोळ्याकडच्या लाँचची पण कामं येतात, आणि एका डिसेंबरात असंच एका लाँचमधून पलीकडं निघालो होतो, सोबत वासोट्याला जाणारी पोरं होती, लाँच इनबोर्ड डिझेलची, म्हणजे इंजिन पोटात बसवलेलं. धक्क्यापासून बाहेर पडेपर्यंत सगळं ठीक, मग ड्रायव्हरनं थ्रॉटल ओढला आणि पाच-सात मिनिटांत मागचा आवाज बदलला. आधी फस्‌ फस्‌ करत पाणी थुंकत चाललेला सायलेन्सर एकदम कोरडा, खणखणीत वाजायला लागला. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, आवाज कायतरी वेगळाच येतोय ओ." तापमानाच्या मीटरवर काटा अजून जागचा हलला पण नव्हता. म्हटलं बंद कर, आत्ता, लगेच.

बंद केल्यावर बघितलं तर पाणी गाळायचा जो डबा असतो, स्ट्रेनर, त्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. सकाळीच कुणीतरी तो साफ केला होता, म्हणजे काम चांगलंच केलं होतं, पण झाकणाखालची रबरी रिंग पीळ पडून बसली होती. डबा पाण्याच्या पातळीच्या वर बसवलेला, त्यामुळं तिथून पाणी गळत नव्हतं, उलट पंप तिथून हवा ओढत होता. हळू चालवताना जेमतेम भागलं आणि थ्रॉटल वाढवल्यावर नुसतीच हवा. रिंग सरळ केली, बोटभर सिलिकॉन ग्रीस लावलं, डब्यात मगभर पाणी ओतून झाकण घट्ट केलं आणि चालू केलं. अर्ध्या मिनिटात पाणी थुंकायला लागलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या पण माझा जीव पंपातल्या रबरात अडकला होता, ते पुढं सांगतो.

आता ही भानगड ज्याच्याकडं विहीर आहे त्याला मी न सांगता पण कळेल. मोटर चालू आहे, आवाज येतोय, पण पाइपला पाणी नाही, म्हणजे मोटरीनं हवा धरलीय. फुटव्हॉलमध्ये, म्हणजे पाइपच्या तळाच्या झडपेत, कचरा असेल, सक्शनला, म्हणजे पाणी ओढायच्या पाइपला, कुठंतरी भोक असेल, नाहीतर पाणीच खाली गेलं असेल. बोटीचं इंजिन तापणं म्हणजे दहातल्या सात-आठ वेळा हेच असतं, हा माझा हिशेब आहे, कुठं छापलेला नाही. तापणं हा आजार नाही, पाणी कुठंतरी अडलंय हा आजार आहे. म्हणून पाणी कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं तो रस्ता डोक्यात बसला की अर्धी दुरुस्ती झाली.

मुळात इतकी उष्णता येते कुठून? डिझेल किंवा पेट्रोल जळून जेवढी ताकद तयार होते त्यातली ढोबळमानानं तिसरा हिस्सा बोट ढकलणारा पाण्यातला पंखा फिरवायला लागते, तिसरा हिस्सा धुरातून जाते आणि उरलेली लोखंडात राहते. ती सतत बाहेर काढावी लागते. गाडीला पुढून वारा लागतो, रेडिएटर गार होतो. बोटीचं इंजिन लाकडी नाहीतर फायबरच्या पेटीत कोंडलेलं असतं, तिथं वारा कुठला, म्हणून ते बाहेरचं पाणी ओढून घेतं, स्वतःच्या अंगाभोवती फिरवतं आणि परत बाहेर टाकून देतं.

यात दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे मागं टांगलेलं आउटबोर्ड, त्यात धरणाचं नाहीतर नदीचं पाणी थेट इंजिनच्या अंगातून फिरतं. दुसरी, पोटात बसवलेलं डिझेल. त्यात बहुतेक वेळा आत कूलंट वेगळं फिरतं आणि बाहेरचं पाणी एका नळ्यांच्या डब्यातून जाऊन त्या कूलंटला गार करतं, त्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात. एकाची उष्णता दुसऱ्यानं घ्यायची पण दोन्ही पाणी एकमेकांत मिसळायचं नाही, डेअरीत दूध गार करतात तसं. आणि बाहेरचं पाणी जाता जाता सायलेन्सरच्या पाइपात सोडलेलं असतं, कारण पुढचा पाइप रबरी असतो, पाणी नसलं तर तो जळतो. माझ्या लाँचचा आवाज कोरडा झाला तो यामुळंच. मीटरचा काटा पाच मिनिटांनी सांगतो ते कान आधीच सांगतात.

आता तो पंप आणि त्यातलं रबर. शेतीपंपातला इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, लोखंडी, पितळी किंवा प्लास्टिकचा असतो, कडक. बोटीतला रबरी असतो, गाडीच्या वायपरच्या रबरासारखी मऊ पाती, फुलासारखी गोल लावलेली. ज्या वाटीत तो फिरतो ती मुद्दाम एका बाजूला चेपलेली असते, त्यामुळं फिरताना पाती एकीकडं दुमडतात, दुसरीकडं उघडतात, आणि उघडताना पाणी ओढतात. म्हणूनच तो स्वतःच पाणी उचलतो, विहिरीच्या मोटरीसारखं त्याला दरवेळी भरून द्यावं लागत नाही. पण त्याची एक खोड आहे. पाणी हेच त्याचं तेल. कोरडा फिरवला की मिनिटाच्या आत पाती घासून जळायला लागतात. घरी अंगणात 'जरा चालू करून बघू' म्हणून ज्यांनी आउटबोर्ड कोरडंच चालवलंय त्यांनी इंपेलर स्वतःच्या हातानं मारलाय, आणि मग पाण्यात गेल्यावर म्हणतात कंपनी फसवते. लाँचमध्ये माझा जीव अडकला होता तो यातच. धक्क्यावर गेल्यावर कव्हर खोललं, सहाच्या सहा पाती शाबूत. आणखी मिनिटभर आम्ही विचार करत बसलो असतो तर नसती.

पातं तुटलं असेल तर नवा इंपेलर टाकून मोकळं व्हायचं नाही, ही गोष्ट चांगले चांगले मेकॅनिक विसरतात. तुटलेला तुकडा कुठं गेला? तो पाण्याबरोबर पुढं गेलाय आणि हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी नाहीतर एखाद्या वाकात अडकून बसलाय. जुना इंपेलर हातात धरून पाती मोजायची, तुटलेले तुकडे शोधून टेबलावर मांडायचे, आणि फुटलेल्या बशीसारखे जुळवून बघायचे. एक जरी कमी असला तरी शोध थांबवायचा नाही.

सांगलीकडं हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 फूट म्हणजे धोका हे तिथल्या शाळेतल्या पोराला पण पाठ असतं, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्यानंतर नदीकाठच्या बऱ्याच गावांत इंजिनच्या बोटी आल्या. चांगलंच झालं. पण त्या बोटी वर्षातले अकरा महिने शेडमध्ये उभ्या असतात, आणि उभी बोट चालत्या बोटीपेक्षा जास्त बिघडते. इंपेलरची पाती एका बाजूला दुमडलेली असतात म्हटलं ना, ती तशीच महिनोन्‌महिने राहिली की वाकलेलीच कडक होतात. पावसाळ्यात बटण दाबल्यावर इंजिन सुरू होतं, सगळे खूश होतात, आणि पाणी मात्र निम्मंच उचललं जातं.

त्यात पुराचं पाणी म्हणजे पाणी कमी आणि गाळ जास्त. बारीक वाळू पंपाच्या वाटीला पॉलिश पेपरसारखी घासते. वाटीच्या आतून नख फिरवून बघायचं, नख अडकण्याइतक्या रेघा असतील तर नुसता इंपेलर बदलून भागणार नाही, वाटी आणि खालची पत्री पण बदला. वर केंदाळ, उसाची पाचट, प्लास्टिक, कुणाच्या तरी गोठ्यातला दोर. हे सगळं आउटबोर्डच्या खालच्या जाळीला चिकटतं. पुरात पाणी कमी आलं की पहिलं काम, इंजिन बंद करून त्याचा पाय, म्हणजे पाण्यात बुडालेला खालचा भाग, वर उचलायचा आणि जाळी हातानं पुसायची. निम्म्या वेळा तिथंच मिटतं. पंख्याला हात घालायच्या आधी इंजिन बंद आणि किल्ली आपल्या खिशात, हे सांगायची गरज नाही असं मला वाटायचं, पण आहे.

आउटबोर्डच्या मागून एक बारीक धार उडत असते. कंपनीचं त्याला काहीतरी नाव आहे, आमच्याकडची पोरं जे म्हणतात ते इथं लिहीत नाही, तुम्हाला कळलंच असेल. ती धार म्हणजे पंप जिवंत आहे याची खूण. धार नाही म्हटलं की लोक घाबरून पंप खोलायला घेतात. थांबा. ते भोक बारीक असतं आणि शेडमध्ये उभ्या असलेल्या इंजिनात कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. एका गावात अख्खा दिवस पंप खोलून परत बसवला आणि शेवटी निघाली सुपारीएवढी माती. आधी जाडसर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, घेऊन त्या भोकात हळू फिरवा, तार नको, आत ओरखडे पडतात.

उलट धार जोरात आहे म्हणून इंजिन गार आहे असंही समजू नका. धार फक्त पंपाचं सांगते, पुढं थर्मोस्टॅट उघडलाय की नाही ते सांगत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे आतला दरवाजा. इंजिन गार असताना बंद राहतो, म्हणजे ते लवकर कामाच्या तापमानाला येतं, आणि ठरलेल्या तापमानाला आपोआप उघडतो. आउटबोर्डमध्ये साधारण 50 ते 60 अंशांना, कूलंटवाल्या डिझेलमध्ये 75 ते 85 च्या आसपास. तो गंजून, गाळ धरून बंदच राहिला तर पंप कितीही चांगला असू दे. तपासायला गॅरेज लागत नाही. काढून आणायचा, दोऱ्यानं बांधून पातेल्यात पाण्यात लोंबता सोडायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर, आणि गॅस बारीक. त्याच्यावर जो आकडा कोरलेला असतो त्याच्या आसपास तो डोळ्यांदेखत उघडायला लागतो. पाणी उकळायला लागलं तरी ढिम्म, तर फेकून द्या. पातेलं घरातलं चहाचं घेऊ नका, मी एकदा घेतलं होतं.

आता सगळ्यात उपयोगाचं. इंजिन कधी तापतं ते विचारा. फोनवर मला कुणी 'तापतंय' एवढंच सांगितलं तर मी काही सांगू शकत नाही, पण 'कधी' ते सांगितलं तर निम्मं कळतं. हळू चालवताना तापतं आणि जरा वेग दिला की उतरतं, तर पंप थकलाय, इंपेलर बघा. हळू चालवताना ठीक आणि वेग दिला की तापतं, तर पाण्याची वाट अरुंद झालीय, जाळी, स्ट्रेनर, पाइप, एक्स्चेंजर बघा. पाइपाची तर खास गंमत आहे. शेतात डिलिव्हरीचा मऊ पाइप सक्शनला लावला तर काय होतं, चिपटतो. बोटीत सक्शनचा पाइप जुना झाला की आतला थर सुटतो आणि जोरात ओढलं की आतल्या आत चिपटतो, बाहेरून बघाल तर नवा कोरा. असा पाइप इंजिन वेगात असताना हातानं दाबून बघायचा. चालू केल्या केल्या दोन-तीन मिनिटांत काटा वर, तर पाणी अजिबातच नाही नाहीतर थर्मोस्टॅट बंद. आणि गेल्या वर्षी 80 वर असायचा तो यंदा 88 वर असतो, बाकी तक्रार नाही, असं असेल तर आत क्षार साचलाय.

क्षारावरून आठवलं. कूलंटच्या टाकीत बोअरचं पाणी ओतू नका रे. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठची किती जमीन क्षारपड झालीय ते आपल्याला माहीत आहे, त्याच भागातलं बोअरचं पाणी टाकीत गेलं की गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर आतून बसतो, आणि तो थर उष्णता बाहेर जाऊच देत नाही. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, संपला विषय. आणि कोकणातून सेकंडहँड इंजिन आणलं असेल, स्वस्तात मिळालं म्हणून, तर ते आतून मीठ खाऊन आलंय असंच धरून चाला आणि चालवायच्या आधी एक्स्चेंजर खोलून बघा.

पाण्याचा रस्ता सगळा मोकळा आहे आणि तरी तापतंय, असंही होतं. तेव्हा इंजिनवर ओझं काय आहे ते बघा. पंख्याला दोर गुंडाळलाय का, बुडाला शेवाळ आहे का, बारा माणसांच्या बोटीत वीस बसलेत का. पुरात तर ही तिन्ही एकदम होतात, वर उलट्या धारेला बोट न्यायची. बेल्ट सैल असेल, ऑइल कमी असेल, ही साधी कारणं. वाईट कारण म्हणजे हेड गॅस्केट, हेडखालचं पॅकिंग, जाणं. गार इंजिनवर टाकीचं झाकण काढून चालू केलं आणि कूलंटमध्ये सारखे बुडबुडे येत राहिले, किंवा डिपस्टिकला ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं, तर पुढचं घरी करायचं काम नाही. मीटरच खोटं बोलतोय अशी शंका असेल तर टेम्परेचर गननं थर्मोस्टॅटच्या घरावर मोजा. कोरोनात घेतलेली कपाळाची गन मात्र बहुतेक चालणार नाही, ती माणसाच्या तापापुरतीच मोजते.

आणि गरम असताना टाकीचं झाकण उघडायचं नाही. आत दाब असतो, दाबाखाली पाणी 100 च्या वर गेलं तरी उकळत नाही, झाकण सैल झालं की सगळं एकदम उसळतं. कुकरची शिट्टी गेल्याशिवाय झाकण काढत नाही ना, इथं तर शिट्टी पण नाही. निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, मग जाड फडकं टाकून, तोंड लांब ठेवून.

मधोमध पाण्यात असताना काय करायचं? धार चालू आहे, सायलेन्सर पाणी टाकतोय, फक्त काटा वर आहे, तर लगेच बंद करू नका, न्यूट्रलला हळू चालू ठेवा, फिरतं पाणी त्याला उतरवेल. धार नाही, कोरडा आवाज, तर तिथल्या तिथं बंद. बंद केल्यावर बोट तुमची नाही, वाऱ्याची आहे. कोयनेच्या शिवसागरात मधे खोली इतकी की नांगराचा दोर पुरत नाही, म्हणून वल्ही हवीतच, आणि लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही. सांगलीच्या होड्यांच्या शर्यतीत ही कटकटच नसते, तिथं इंजिनच नाही, तापतात ती माणसं.

गावच्या बोटींसाठी मी मे महिन्यात जातो. यंदा एका गावात गेलो तर शेडमध्ये बोटीवर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. त्या उतरवल्या, खालचा पाय खोलला, इंपेलर काढला, सगळी पाती एकाच बाजूला वाकलेली, सोडली तरी सरळ होईनात. नवा बसवताना भांड्यांच्या साबणाचं पाणी लावलं, साधं ग्रीस नाही, त्यातलं तेल रबराला खातं, आणि शाफ्ट ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूला फिरवत फिरवत आत दाबला म्हणजे पाती योग्य बाजूला दुमडतात. त्याच्याखाली अर्धचंद्रासारखी बारकी चावी असते, ती पडली तर गवतात सापडत नाही, म्हणून खाली पोतं अंथरलं होतं. मग दोनशे लिटरचा ड्रम आणला, जाळीच्या बराच वर येईल इतकं पाणी भरलं, गिअर न्यूट्रलला आणि चालू केलं. पंचायतीचा शिपाई, तीन पोरं आणि एक आजी, सगळे त्या भोकाकडं बघत उभे. दहा-पंधरा सेकंद काहीच नाही, मग थोडं खाकरल्यासारखं झालं, तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ धार, कंपाउंडपर्यंत. धारेखाली हात धरला, पाच मिनिटांनी परत धरला, कोमट.

बंद केल्यावर आजी म्हणाली, हे ड्रमातलं पाणी माझ्या नारळाला घालू का? नको म्हटलं आजी, इंजिनचा सगळा धूर त्याच पाण्यात सोडलाय.